जोडणीवरचं कुंकू

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला वजनकाटा बाथरूममधून उठून स्वयंपाकघरात येऊन बसला होता. आई डबा भरून ओट्यावर ठेवायची, बाबा तो उचलून काट्यावर ठेवत, स्वतःशीच आकडा पुटपुटत आणि डब्याच्या झाकणावर खडूनं एक खूण करत. कणकेचा डबा, तुरीची डाळ, तांदूळ, मोठा कुकर, पोळपाट-लाटणं, शेंगदाण्याच्या कुटाची बरणी. पितळी अन्नपूर्णाही काट्यावर चढली. देवाला तरी सोडा, असं आई म्हणाली तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले की गाडीच्या ॲक्सलला देव कळत नाही, वजन कळतं. एरवी आई यावर हसली असती. त्या दिवसांत ती हसत नव्हती. तिनं अन्नपूर्णा काट्यावरून उचलली, पदरानं पुसली आणि पंच्यात गुंडाळून ठेवली.

आम्ही आइंडहोव्हनला लागून असलेल्या फेल्डहोव्हनमध्ये राहत होतो, तांबड्या विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत. माझं सगळं बालपण त्या घराच्या आवाजांत गेलं: छताच्या तिरप्या खिडकीवर पडणारा पाऊस, रविवारी चर्चची घंटा, तिच्यात मिसळणारी कुकरची शिट्टी आणि संध्याकाळी बाबांच्या सायकलचं कुलूप. बाबा ज्या कारखान्यात होते तिथे केसाची जाडीही ढोबळ समजत, इतकं सूक्ष्म काम. काही बिघडलं की का बिघडलं हे मुळापर्यंत शोधून काढायचं आणि जसं असेल तसं सांगायचं, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा स्वभाव. घरातलं दूध नासलं तरी ते कारण शोधत बसायचे. आई साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायची. इथे आल्यावर ती भूगोलात राहायला लागली, असं ती पूर्वी गमतीनं म्हणायची. मी घरात मराठी ऐकायचे आणि उत्तर डचमध्ये द्यायचे. मराठी लिहायला मी फार उशिरा, केस पिकायला लागल्यावर शिकले, त्यामुळे इथे एखादा शब्द वाकडा पडला तर तो माझा, आईचा नव्हे.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आईचे वडील, आमचे नाना, साताऱ्यात वारले. त्यांचं ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात बरेच दिवस खल चालला होता. नाना नको म्हणत होते. आईनं फोनवरून त्यांची समजूत घातली, रोज घातली, आणि शेवटी ते तिच्या शब्दाखातर तयार झाले. ऑपरेशननंतर ते उठलेच नाहीत. आई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आली ती निराळीच बाई होऊन. डॉक्टरांनी, मामानं, बाबांनी सगळ्यांनी सांगून पाहिलं की यात तुझा काही दोष नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, माझा हात लागला की बिघडतंच. दही विरजलं नाही तरी हेच, सायकल पंक्चर झाली तरी हेच. देवापुढचा दिवा ती लावीना. तो बाबा लावायचे, वात तिरपी ठेवून. हळदी-कुंकवाचा करंडा फडताळात तसाच पडून होता.

वसंतात तिनं ठरवून टाकलं. शाळेला सुट्टी लागली की ती मला घेऊन साताऱ्याला कायमची परत जाणार आणि बाबा इथे राहणार. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. बाबांनी एवढंच मागितलं की जाण्याआधी दोन आठवडे आपण तिघं समुद्रावर जाऊ. आई हॉटेलात राहायला तयार नव्हती, बाहेरचं खाणं तिला नको होतं, माणसंही नको होती. मग बाबांनी एक पिकअप घेतली आणि एक कॅरॅव्हॅन. पिकअप मध्यम आकाराची, पांढरी, झाडांची रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाकडची. तिच्यात शेवटपर्यंत ओल्या मातीचा वास यायचा. कॅरॅव्हॅन एका म्हाताऱ्या जोडप्याची, हिवाळाभर शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी राहिलेली. आत दोन शेगड्या, एक एवढंसं सिंक आणि तपकिरी फुलांचे पडदे. "घर हवंय ना तुला," बाबा आईला म्हणाले, "मग घर बरोबर घेऊन जाऊ." आईनं शेगडी पेटवून पाहिली.

बाबा ओढायच्या गाडीचं शास्त्र शिकले ते एखादा मुलगा बोर्डाच्या परीक्षेला बसतो तसे. त्याचं वेगळं लायसन्स असतं, तेही त्यांनी काढलं. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. बाबांची कॅरॅव्हॅन रिकाम्या पार्किंगमध्ये दर वेळी कात्रीसारखी दुमडायची आणि ते खाली उतरून, चष्मा पुसून, पुन्हा बसायचे. जेवताना आम्हाला नियम ऐकवायचे. जड सामान चाकांच्या वर आणि खाली जमिनीलगत, मागच्या टोकाला तर मुळीच नाही. पुढच्या टोकाचा थोडा भार हुकवर पडलाच पाहिजे. मागचं कधी पुढच्यापेक्षा जड होऊ द्यायचं नाही. आणि सगळं करूनही शेपूट हलायला लागली तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, वेग वाढवायचा नाही. पाय उचलायचा, हात स्थिर ठेवायचे आणि वाट बघायची. "वाट बघणं सगळ्यात अवघड," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं, कारण तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं होतं आणि आई वरणात मीठ घालत होती.

पिकअपच्या मागे लोखंडी गोळा असलेला हुक होता. त्याला इथे ट्रेकहाक म्हणतात आणि आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याला वाटीसारखी खोबण, ती त्या गोळ्यावर बसते. आमच्या खोबणीत आणखी दोन गाद्या होत्या, ब्रेकच्या लायनरसारख्या. त्या गोळ्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवतात आणि त्यांच्या घासण्यामुळे कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे डुलायला धजत नाही. घासणं हेच त्यांचं काम, म्हणून गोळा अगदी कोरडा लागतो. सरावाच्या दिवशी आई पहिल्यांदा गाडीत बसली आणि प्रत्येक वळणावर मागून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. ती अस्वस्थ झाली. बाबांनी सांगितलं की हा आवाज चांगला, तो येतोय म्हणजे पकड आहे. पण दाराची बिजागरी कुरकुरली की तेलाचं बोट लावायचं, हे ज्या बाईच्या हातात लहानपणापासून मुरलेलं, तिच्या कानाला तो आवाज दुखण्याचाच वाटला असणार. 

निघायच्या सकाळी झिमझिम पाऊस होता. आदल्या संध्याकाळी बाबांनी गोळा स्पिरिटनं पुसून त्यावर प्लास्टिकची टोपी घालून ठेवली होती. ते वरच्या खिडक्या लावायला गेले होते आणि मी रस्त्यावर पिशवी घेऊन उभी होते. दार उघडून आई बाहेर आली, हातात ताम्हण. त्यात निरांजन, नारळ, दोन लिंबं आणि एका वाटीत कालवलेलं कुंकू. इतक्या महिन्यांत मी तिच्या बोटाला कुंकू पाहिलं नव्हतं. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, फुटपाथच्या विटेवर नारळ वाढवला. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला. मग ती मागे गेली, टोपी काढून तिनं गोळ्याला कुंकू लावलं आणि वाकून, बोट आत घालून, कॅरॅव्हॅनच्या खोबणीलाही लावलं. सोयरीक आहे, दोन्हीकडे लावायला हवं, असं ती माझ्याकडे न बघता म्हणाली. बाबा खाली आले ते उंबऱ्यावरच थांबले. बॉनेटवरचं स्वस्तिक त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. आई घराचं कुलूप लागलंय का ते बघायला परत गेली. ही तिची जुनी सवय, लावलेलं कुलूप परत जाऊन ओढून बघायची. तेवढ्यात बाबांनी कॅरॅव्हॅन पुढे ओढली. गोळ्यावरचा लाल ठिपका त्यांना दिसला. त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, मग त्यांनी आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं आणि हात परत काढून घेतला. त्यांनी खोबण गोळ्यावर बसवली आणि पकडीची दांडी दाबली.

आम्ही पश्चिमेला निघालो, झीलंडच्या किनाऱ्याकडे. बाबा ठरल्यापेक्षा वेग वाढवत नव्हते, सगळं जग आमच्या डावीकडून पुढे जात होतं. आईनं मांडीवर डबा उघडून दोघांना थालीपिठाचे तुकडे दिले, बाबांना तर हातात, रस्त्यावरून नजर न काढता खाता यावेत म्हणून छोटे करून. खिडकीबाहेरची जमीन हळूहळू सपाट होत गेली, झाडं मागे पडली आणि वारा मोकळा झाला. आईनं विचारलं, ही जमीन समुद्रातून काढलेली ना? बाबा हो म्हणाले. ती पुढे कितीतरी वेळ त्या जमिनीकडे बघत राहिली आणि मला वाटलं, ही आता वर्गात उभी आहे. मागून काहीच आवाज येत नव्हता. त्या शांततेचं मला फार बरं वाटत होतं.

एका रुंद कालव्यावर पूल आहे. तो चढून आम्ही उताराला लागलो आणि त्याच वेळी एक मोठा टँकर बाजूनं पुढे गेला. त्यानं आधी आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं. पाठीला काहीतरी जाणवलं, कुणी मागून खांदा धरून हलवावा तसं. मग दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा, जास्त जोरात. बाजूच्या आरशात मला आमची कॅरॅव्हॅन दिसली, जी तिथे दिसायला नको होती. मग ती त्या आरशातून गेली आणि दुसऱ्या आरशात आली. कपाटातली भांडी इथवर ऐकू येत होती. पिकअपचं मागचं अंग मागच्या ओझ्यानं ओढलं जात होतं आणि खाली कठड्यापलीकडे कालव्याचं पाणी होतं. "ब्रेक लावा," आई म्हणाली. बाबांनी ब्रेक लावला नाही. त्यांचा पाय वर आला होता आणि हात असे होते जणू स्टिअरिंगवर ठेवून ते विसरून गेलेत. फक्त त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. आईनं दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले. मी मरणार, हे मला अगदी साध्या गोष्टीसारखं वाटलं, आणि त्यापाठोपाठ वाटलं की निदान तिघंही बरोबर आहोत, आता कुणी कुठे जाणार नाही. शाळकरी मुलीला असं वाटावं याचं आज वाईट वाटतं, पण वाटलं ते खरं.

मग हेलकावे लहान होत गेले. आरशातून कॅरॅव्हॅन गेली ती परत आली नाही. बाबा तसेच संथपणे पुढे गेले आणि पहिल्या विश्रांतीच्या जागी गाडी आत घेतली. त्यांनी इंजिन बंद केलं. आई उतरली, पार गवताच्या कडेपर्यंत चालत गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती काय म्हणत असणार. करंडा इतक्या महिन्यांनी उघडला, हात लावला, आणि हे झालं.

बाबांनी चाकांखाली अडसर लावून कॅरॅव्हॅन सोडवली. सामान जिथल्या तिथे होतं, टायरमध्ये हवा होती. मी जवळ गेले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून खोबणीत बोट घालत होते. बोट बाहेर आलं ते लालभडक. मला रक्त वाटलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल, ते म्हणाले, देवाच्या दिव्याचं. कुंकू तिनं तेलात कालवलं होतं, पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून, आणि ते कण्हणं थांबावं म्हणून हात सढळ ठेवला होता. गाद्या तेल प्यायल्या होत्या. ठिपका पाहिला होता मी, ते म्हणाले, पाण्यातलं असेल वाटलं. आणि आवाज येत नव्हता, तेव्हाच कळायला हवं होतं. ते हे सगळं कारखान्यातल्या अहवालासारखं सांगत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अहवाल संपला.

"आईला हे कळता कामा नये, सई," ते म्हणाले.

मी डचमध्ये म्हटलं की पण कारण तर हेच आहे. ते म्हणाले, कारण हेच आहे म्हणूनच. मग ते खिशातल्या फडक्यानं गोळा पुसायला लागले, इतके हळू, जणू एखाद्याचं कपाळ पुसताहेत. आई कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. फडकं बाबांच्या मुठीत गेलं.

"कशामुळे झालं?" तिनं विचारलं.

"वारा," बाबा म्हणाले.

"नुसता वारा?"

"नुसता वारा. आणि तो टँकर. बाकी सगळं ठीक होतं म्हणून निभावलं."

मी बाबांना त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं खाली ठेवलेला थालीपिठाचा डबा उचलला आणि म्हणाली, उरलेलं खाऊन घ्या, मग निघू.

उरलेली वाट आम्ही गावांतून, लहान रस्त्यांनी, सायकलवाल्यांच्या मागे राहून कापली. वाळूच्या टेकड्यांमागे आमची जागा होती. रात्रंदिवस समुद्राचा आवाज यायचा, आणि आई त्या एवढ्याशा सिंकपाशी उभी राहून पिठलं हाटायची, तेव्हा काचेवर वाफ धरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एकटीच बांधावरून लांब चालत गेली आणि परत आल्यावर बाबांना भरती-ओहोटीबद्दल खडसावून काहीतरी समजावलं, तेव्हा बाबा मुद्दाम चुकीचं बोलत होते हे मला दिसत होतं. कपडे धुवायच्या खोलीतून ती बादली घेऊन यायची, दोरीवर सगळं ओळीनं वाळत घालायची. बाबांनी सायकलवरून कुठल्याशा गावात जाऊन नव्या गाद्या आणल्या आणि आई बांधावर असताना बसवल्या. मला वाटलं, ताकास तूर लागू दिली नाही बाबांनी. साताऱ्याचा विषय कुणी काढला नाही. शेवटच्या दिवशी भांडी आवरताना आई म्हणाली, हा कुकर लहान पडतो, पुढच्या वर्षी दुसरा घेऊ. बाबा पडद्याची कडी लावत होते. ते लगेच वळले नाहीत.

परत निघायच्या सकाळी ती वाटी घेऊन बाहेर आली आणि मी बाबांकडे पाहिलं. तिनं गोळ्याला कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि कॅरॅव्हॅनच्या दाराचं कुलूप नीट लागलंय का ते बघायला गेली. बाबांनी फडकं काढलं, पुसलं, खिशात टाकलं. वाटेत वळणावळणावर मागून कण्हण्याचा आवाज येत राहिला. पुढे अनेक वर्षं हे असंच चाललं. मी शिकायला हार्लेमला गेले, नोकरीला लागले, पण उन्हाळ्यात त्यांना निरोप द्यायला जमेल तेव्हा यायचे. आई लावायची, कुलूप बघायला जायची, बाबा पुसायचे. एका घरात दोन माणसं, एक कुंकू लावणारं आणि एक लपून पुसणारं, आणि हे गुपित फक्त बाबांचं आणि माझं, याचा मला अभिमानही वाटायचा.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई म्हणाली की एकदा जायचं. लायसन्स मी कधीच काढलं होतं, बाबांनीच शिकवलं होतं त्याच पार्किंगमध्ये. मी सामान वजन करून लावलं, हवा बघितली, गोळा कोरडा केला. घराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. आई सावकाश बाहेर आली, एका हातानं कुंपण धरत, दुसऱ्या हातात वाटी. स्वतःच्या कपाळाला ती आता लावत नाही, ते तिचं ती जाणे. वाटी धरायला मी पुढे झाले आणि माझं बोट कुंकवात बुडालं. बोट चोळून पाहिलं. त्यात तेल नव्हतं.

"पाण्यातलं आहे," मी म्हणाले. मराठीत.

"त्या पहिल्या सुट्टीपासूनच," आई म्हणाली. "फडकं धुवायला मीच टाकलं होतं ना बादलीत. ते तेल काय मला ओळखू येणार नाही?"

मी विचारलं, बाबांना हे माहीत होतं का. आईनं माझ्याकडे पाहिलं, जशी ती पूर्वी वर्गातल्या ढ मुलाकडे पाहत असेल. पुसताना कळतंच की, ती म्हणाली, तेलातलं फडक्याला धरतं, पाण्यातलं निघून येतं. त्यांच्यासारख्या माणसाला परतीच्या सकाळीच कळलं असणार.

"मग ते इतकी वर्षं का पुसत राहिले?"

"मी लावत राहिले म्हणून."

तिनं वाकून गोळ्याला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि वाटी माझ्या हातात दिली. मग, दाराला कुलूप लागलंय आणि किल्ली माझ्या खिशात आहे हे ठाऊक असूनही, ती कुंपण धरत धरत ते ओढून बघायला परत गेली. मी फडकं काढलं.